बंदरातल्या शांततेचा अभ्यास

४ जानेवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण मी ग्रंथ लिहिणार आहे. विषय: व्हिडिओ गेममधलं अ‍ॅटमॉस्फिअर आणि डिझाइन. मराठीत या विषयावर अधिकारानं बोलणारा माणूस नाही. खेळणारे पुष्कळ, पण ते नुसते धावतात आणि गोळ्या झाडतात. थांबून बघणारा मी एकटाच.

कन्सोल लेकीचा. गेमचं नाव 'धुक्याचं बंदर'. होडीतून उतरायचं, गावातून जायचं, दीपगृह गाठायचं. लेक म्हणते, आठवड्यात संपतो. संपवणाऱ्यांचा संपत असेल.

बायको नर्स आहे, नाइट ड्यूटी करून शेजारच्या खोलीत झोपली होती. लेकीनं गेम लावून दिला, काहीतरी खुडबुड केली आणि आई उठली की अमुक कर, असं काहीसं सांगून क्लासला गेली. मी हो हो म्हटलं. तेव्हा नेमकं ग्रंथाचं पहिलं वाक्य सुचत होतं. नंतर तेही विसरलो.

६ जानेवारी, मंगळवार
थक्क झालो! संपूर्ण शांतता. लाटा फुटतात, आवाज नाही. घंटा हलते, आवाज नाही. स्वतःच्या पावलांचासुद्धा नाही! डिझायनरचं काळीज वाघाचं असलं पाहिजे. दुसरा कुणी असता तर व्हायोलिन वाजवून मोकळा झाला असता. प्रकरण पहिलं ठरलं: 'शांतता'.

सुरुवातीला गेमनं विचारलं होतं, संवाद खाली लिहून दाखवायचे का? मी नाही म्हटलं. गावात चिटपाखरू नाही, संवाद कसले डोंबलाचे!

बायकोला दुसऱ्या गावच्या मोठ्या हॉस्पिटलात मेट्रनची जागा मिळाली. महिनाअखेर जायचं. लेकीची शाळाही तिथंच बघितली आहे. म्हणाली, तुझ्या शोरूमची तिथं नवी शाखा निघतेय, मालकांना बदली माग, सगळे मिळून जाऊ. उद्या विचारतो म्हटलं. विचारायला कितीसा वेळ लागतो.

११ जानेवारी, रविवार
महत्त्वाचा शोध. गावातलं एकही दार उघडत नाही. खिडक्यांत दिवे, पडद्यामागं सावल्या, पण दारं बंद. धक्के मारले, उड्या मारल्या, ढिम्म. आजच्या माणसाचं एकटेपण इतकं नेमकं कुणी मांडलंय? प्रकरण दुसरं: 'बंद दारं'.

लेक मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, बाबा, तू अजून इथंच? तिची मैत्रीण म्हणे दीपगृहाच्या जिन्यावर पोचली. मी म्हटलं, दीपगृह लांबूनच बघायचं असतं. मग म्हणाली, आपण दोघं मिळून खेळू या का, जायच्या आधी? हे दोघांचं काम नाही, असं मी समजावलं. ती गेली. मुलांना हल्ली धीर म्हणून नाही.

मालकांना विचारायचं राहिलं. उद्या नक्की.

१३ जानेवारी, मंगळवार
मी टाइल्सच्या शोरूममध्ये असल्यानं फरशीवरची नजर तयार आहे. बंदरातल्या फरशीचे सांधे जुळत नाहीत, उताराला पाणी उलट्या बाजूला वाहतं. ग्रंथात एक परखड परिच्छेद टाकणार.

एक जोडपं आलं होतं. म्हाताऱ्या आईसाठी बाथरूममध्ये न घसरणारी टाइल हवी होती. मी त्यांना ओल्या काळ्या दगडाच्या उदासीबद्दल सांगितलं. ते समोरच्या दुकानात गेले. लोकांना नजर नाही.

मालक मागं उभे राहून नव्या शाखेचं काहीतरी बोलत होते. मी धुक्याच्या विचारात होतो, मान डोलावली. संधी होती खरी. पण असे विषय घाईत काढायचे नसतात.

१८ जानेवारी, रविवार
हॉलमध्ये खोके. बायकोनं विचारलं, बोललास का? योग्य वेळ बघतोय म्हटलं. ती म्हणाली, तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

भिंती! भिंतींवर मी अजून काहीच लिहिलेलं नाही. प्रकरण तिसरं. ती कधीकधी नकळत फार मोलाचं बोलून जाते.

२३ जानेवारी, शुक्रवार
बंदरात बदल. खिडक्यांतले दिवे एकेक करून विझताहेत. सावल्याही कमी झाल्या. डिझायनर एकेक गोष्ट काढून घेतोय. काय संयम! कमीत कमी वापरून जास्तीत जास्त परिणाम.

लेकीला दाखवावं म्हणून हाक मारली. ती पुस्तकं खोक्यात भरत होती. म्हणाली, आत्ता नको बाबा.

२७ जानेवारी, मंगळवार
आज मालकांच्या केबिनमध्ये ताठ मानेनं शिरलो. बदली मागितली.

मालक चकितच झाले. म्हणाले, अहो, मी सगळ्यांसमोर विचारलं, तुम्ही गप्प. मग खास तुमच्यापाशी येऊन विचारलं, तुम्ही इथंच राहणार ना, जागा दुसऱ्याला देऊ ना? तुम्ही चक्क मान डोलावलीत. जागा गोदामवाल्याला दिली. त्यानं तिकडं घरसुद्धा बघितलं.

चूक मालकांची. असले महत्त्वाचे निर्णय मानेवर सोडायचे नसतात.

बायकोला म्हटलं, बोलणी चालू आहेत. ती खोक्याला चिकटपट्टी लावत राहिली. लेक विचारत होती, नव्या घरात बाबाचं टेबल कुठं ठेवायचं. मी म्हटलं, खिडकीपाशी.

३१ जानेवारी, शनिवार
मेहुणा टेम्पो घेऊन आला. भाऊजी, तुमचं सामान कुठलं, म्हणाला. माझं नंतर येणार म्हटलं. त्यानं बहिणीकडं बघितलं, बहिणीनं जमिनीकडं.

तिला सगळं माहीत होतं. तिनंच परवा मालकांना फोन केला होता. चिडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, तू नाही म्हणाला असतास तर मी समजून घेतलं असतं. तू तर ऐकलंच नाहीस.

मेहुणा तिथंच गादी घेऊन उभा होता.

कन्सोल लेकीनं माझ्यासाठी ठेवला. म्हणाली, तुला लागेल. टेम्पो सुरू झाल्यावर मान बाहेर काढून आणखी काहीतरी ओरडली. इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी हो हो म्हटलं आणि हात हलवला.

टेम्पो वळणाआड गेल्यावर घरात आलो. पाणी प्यायलो.

१ फेब्रुवारी, रविवार
आता लिखाणाला वेळच वेळ. घरही शांत. पण या शांततेला ती उंची नाही. फ्रिज घरघरतो, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढतं. भिंतीवर कपाटाएवढा पांढरा चौकोन राहिलाय. अ‍ॅटमॉस्फिअर म्हणून जमलेलं नाही.

एक ओळही लिहिली नाही. विश्रांतीही कामाचाच भाग.

८ फेब्रुवारी, रविवार
लेकीचा फोन. शाळा बरी आहे. आई बरी आहे. सामानासोबत गेलेलं माझं टेबल खिडकीपाशी ठेवलंय, त्यावर सध्या इस्त्रीचे कपडे असतात. मग विचारलं, कुठवर पोचलास? मी तिला पहिलं प्रकरण तोंडीच सांगितलं. शांतता, मुक्या लाटा, डिझायनरचं वाघाचं काळीज.

ती म्हणाली, बाबा, पहिल्या दिवशी आई झोपली होती म्हणून मी आवाज बंद केला होता. ती उठली की चालू कर, म्हणून तुला सांगितलं होतं. टेम्पोतूनपण ओरडून विचारलं, आवाज चालू केलास ना? तू हो हो म्हणालास.

दारांचंही सांगितलं. दारापाशी गेलं की आतली माणसं हाक मारतात. आपण बटण दाबून उत्तर द्यायचं, मग दार उघडतं. उत्तर नाही मिळालं तर ती थोडे दिवस वाट बघतात आणि मग एकेक करून होडीनं निघून जातात.

हे सांगताना ती हसली असती तर चाललं असतं. हसली नाही. म्हणाली, परत पहिल्यापासून सुरू कर, मग सगळी परत येतात. मी विचारलं, असं होतं? म्हणाली, गेममध्ये होतं, बाबा. आईनं तिला जेवायला हाक मारली, ती मला फोनमधून स्पष्ट ऐकू आली.

आवाज चालू केला. समुद्र केवढा मोठा वाजतो! घंटासुद्धा. फरशीवर माझे बूट खाडखाड वाजत होते. प्रत्येक दारापाशी जाऊन थांबलो. कुणी हाक मारली नाही. खिडक्या सगळ्या काळ्या.

तरी बटण दाबून बघितलं. पडद्यावरचा माझा माणूस पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, मी आलोय.

पुढच्या दारापाशी दाबलं. मी आलोय. त्याच्या पुढच्या दारापाशीही. मी आलोय.

मग आवाज बंद केला. असंच बरं वाटतं, असं लिहिणार होतो. वाटत नाही.