तीन ठिकाणांहून आलेली खाज

२ मार्च, सोमवार
धुण्याच्या पावडरचं पोतं आलं. सोबत ही डायरी फुकट. प्रत्येक पानावर वर ढगाचं चित्र, खाली पावडरवाल्याचा फोन नंबर, मधली जागा मला. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर लॉन्ड्रीच्या पावतीपलीकडे काही लिहिलं नाही. पण फुकटची वही कोरी ठेवणं माझ्याच्यानं होत नाही.

पहिला संकल्प. मोबाइलवरच्या मेसेजवर आजपासून विश्वास ठेवायचा नाही. मागच्या आठवड्यात मी गल्लीच्या ग्रुपवर टाकलं की उद्या पाणी जाणार. गल्लीने पिंप, बादल्या, पातेली, होतं नव्हतं ते भरलं. सगळ्यांनी एकदम भरल्यामुळे टाकी संपली आणि पाणी गेलं. म्हणजे मेसेज खराच निघाला. पण कौतुक कुणी केलं नाही, उलट मुलगी म्हणाली की आई, आलेलं सगळं पुढे ढकलत जाऊ नकोस. मी कुठे ढकलते? मी फक्त वाचते आणि दाबते.

पावडर व्हिडिओ बघून मागवली. व्हिडिओ म्हणजे मेसेज नव्हे. त्यातल्या बाईने चहा सांडलेला शर्ट बादलीत बुडवला आणि पांढराशुभ्र बाहेर काढला. डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं असेल?

३ मार्च
समोर टायरवाल्याच्या जागी नवी लॉन्ड्री उघडली. काचेचं दार, आत ओळीने मोठी गोल मशीनं. माणसाने आपले कपडे आपणच टाकायचे, बाकावर बसायचं, आपणच काढायचे. मग दुकानदार करतो काय? हसतो.

मशीनवाला ओळख करून घ्यायला आला. म्हणाला, काकू, तुमचं काम वेगळं, माझं वेगळं, तुम्ही निवांत राहा. निवांत राहा म्हणणाऱ्या माणसाशी मी फार जपून असते.

आमचं दुकान चालतं ते लॉजच्या चादरींवर. शर्ट-पँटवर नुसता चहा निघतो. उद्या लॉजने चादरी समोर नेल्या तर आम्हाला शटर ओढून घरी बसावं लागेल. हे ह्यांना सांगितलं. हे समोर मशीन बघायला निघून गेले. नवरा माझा, आणि उद्‌घाटनाला गर्दी त्यांची.

५ मार्च
ह्यांचा हात खाजतोय. कोपरापर्यंत लाल पुरळ. कारण मला लगेच कळलं. परवा समोरच्या मशीनमध्ये हात घालून बघत होते. गल्लीभरचे कपडे एका डब्यात फिरणार, मग दुसरं काय होणार.

हे म्हणाले, नवी पावडर असेल. पावडर पांढरी आणि पुरळ लाल, संबंध काय? बोलायचं म्हणून बोलतात.

हाताचा फोटो काढला आणि थोरल्या जाऊबाईंना पाठवला. खाली लिहिलं, मशीनमध्ये हात घातला आणि हे झालं, मी इतकी वर्षं कपडे धुतेय, मला कळतं. हे काही पुढे ढकलणं नाही. घरातलं बोलणं आहे.

७ मार्च
मुलीने समजावलं की एखादी गोष्ट खरी मानायची तर ती दोन-तीन वेगळ्या ठिकाणांहून कळायला हवी. मला पटलं. नियम केला. मेसेज तीन ठिकाणांहून आला तर पास, कमी आला तर नापास. मुलगी म्हणत होती की वेगळ्या ठिकाणांहून म्हणजे काय ते नीट ऐक. तोवर इस्त्री तापली.

ग्रुपवर नियम टाकला. ग्रुप शिवणवालीचा आहे. तिने लिहिलं, काकू, यापुढे तुम्हीच तपासत जा. अशा जबाबदारीला नाही म्हणता येत नाही. आता पास झालेल्या मेसेजखाली मी लिहिते, तपासलं आहे.

आजचे निकाल. उशाशी वाटी उपडी ठेवली की गुडघे दुखत नाहीत, एक ठिकाण, नापास. उद्या सूर्य अर्धा तास उशिरा उगवणार, दोन ठिकाणं, नापास.

८ मार्च, सकाळ
तरी उठून बघितलं. वेळेवर उगवला. नियम बरोबर आहे.

१० मार्च
शिवणवालीकडून मेसेज. सावधान, मशीनमध्ये धुतलेल्या कपड्यांनी कातडी सोलवटते, मोठ्या तज्ज्ञांचा इशारा. खाली कुणा बिचाऱ्याच्या हाताचा फोटो, भोवती लाल गोल, वर बाण. मी म्हटलं, एक. घाई नको.

दुपारी तोच मेसेज औषधवाल्याकडून. त्याने सोबत मलमाचं नावही दिलं होतं. दोन.

संध्याकाळी जाऊबाईंकडून. वर त्यांनी लिहिलं होतं, बघ, तू म्हणत होतीस तेच तज्ज्ञही म्हणतायत. तीन.

तपासलं आहे.

मला काही अभिमान नाही. पण चौथी शिकलेल्या बाईला जे पाच दिवस आधी कळतं, ते मोठमोठ्या तज्ज्ञांना आता कळतंय, हे लिहून ठेवायला हरकत नाही.

ह्यांना फोटो दाखवला. त्या माणसाच्या मनगटावर इस्त्रीचा जुना डाग आहे, अगदी ह्यांच्यासारखा. इस्त्रीवाल्यांचे हाल सगळीकडे सारखेच. ह्यांनी फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि म्हणाले, माणूस ओळखीचा वाटतो. ह्यांना सगळेच ओळखीचे वाटतात.

११ मार्च
समोर एक माणूस नाही. मशीनवाला पुसलेली फरशी परत पुसतोय. वाईट वाटलं. दारात खुर्ची टाकून, चहा घेत, बराच वेळ वाईट वाटून घेतलं.

हे मध्येच कपड्यांची पिशवी घेऊन कुठेतरी जाऊन आले. विचारलं तर म्हणाले, पाय मोकळे करायला. पिशवी कशाला ते विचारायचं राहिलं.

१४ मार्च, शनिवार
सकाळी नवा मेसेज. आयुष्यभर कपडे धुणाऱ्या एका बाईने जाता जाता जगाला सांगितलेलं सत्य. वाचून गलबलले. आपल्याच धंद्यातली बाई. मरणाच्या दारातही लोकांच्या कातडीची काळजी. दुपारपर्यंत तिन्ही ठिकाणांहून आला. हात जोडले, देव तिच्या आत्म्याला शांती देवो असं लिहिलं, खाली तपासलं आहे असंही लिहिलं आणि मग शेवटपर्यंत वाचला.

शेवटी होतं, म्हणून आपले कपडे लॉन्ड्रीत देऊ नका.

लॉन्ड्रीत. मशीन हा शब्द कुठे गळला कळत नाही. असं अर्धवट सांगून मरू नये माणसाने.

संध्याकाळपर्यंत औषधवाला कोट घेऊन गेला. ओला होता, तसाच घेऊन गेला. मी म्हटलं, अहो, हे आमच्याबद्दल नाही. तो म्हणाला, ताई, तपासलंय कुणी? तुम्हीच ना?

१६ मार्च, सोमवार
लॉजचा मॅनेजर आला. मागे हमाल, हमालाच्या डोक्यावर आमच्या चादरींची बोचकी. मी त्याला बसवलं आणि खोट्या मेसेजवर विश्वास ठेवणाऱ्या लोकांबद्दल पोटतिडकीने बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकू, मेसेजवर माझा विश्वास नाहीच. पण काल मी स्वतः तुमच्या चादरीवर झोपलो, आणि मला खाजतंय." बोलता बोलता खाजवलंही. पाठ.

शुक्रवारपर्यंत चादरी नीट धुऊन मिळाल्या तर ठीक, नाहीतर त्या समोर जाणार.

मनाचं खाजणं असतं ते. मेसेज वाचून खाजतंय त्याला. म्हणजे दोष मेसेज काढणाऱ्याचा. संकल्प. ज्या कुणी हे पहिल्यांदा लिहिलं त्याला शोधून धुऊन, पिळून, दोरीवर टांगायचं.

१७ मार्च
सकाळी शोध सुरू. शिवणवालीला विचारलं, तुला कुणी पाठवला? औषधवाल्याने. औषधवाल्याला विचारलं. त्याच्या साडूने. साडूला फोन लावला. त्याला त्याच्या ऑफिसातल्या बाईने. त्या बाईचा नंबर काढला. ती म्हणाली, शेजारच्या काकूंनी पाठवला, फार भल्या आहेत. मी म्हटलं, बघतेच किती भल्या ते, नंबर द्या.

नंबर ओळखीचा वाटला. लावला. जाऊबाई.

धुण्याची सगळी तयारी झालीच होती, म्हणून सुरुवात केली. जाऊबाईंनी मध्येच थांबवलं. "अगं, मला तूच पाठवलास ना? हात तर भाऊजींचाच आहे."

मी म्हटलं, रेंज नाहीये. फोन ठेवला.

घरी येऊन ह्यांचा हात फोटोशेजारी धरला. तोच डाग. तो मीच दिलेला, दुकानाच्या पहिल्या वर्षी, न बघता इस्त्री टेकवली होती. हे म्हणाले, "मी म्हटलं होतं, ओळखीचा वाटतो."

त्या भल्या बाईसाठी मी हात जोडले होते. ते परत कसे घ्यायचे ते कळत नाही.

१८ मार्च
तरी मशीनचं म्हणणं माझं कायम होतं. तेवढ्यात लक्ष गेलं, ह्यांचा हात बरा झालाय. विचारलं तर सांगितलं, की आठवडा झाला, पावडरला हात लावायचा तर रबरी मोजे घालतात. आणि स्वतःचे शर्ट धुतात कुठे? समोर. पिशवीचं उत्तर मिळालं. मला का सांगितलं नाही विचारलं. म्हणाले, सांगितलं होतं, तू पांढरं-लाल काहीतरी म्हणालीस.

मग मी माझाच हात कोपरापर्यंत पावडरच्या बादलीत घातला. म्हटलं, बघूच. दुपारी काही नाही. मी जिंकत आले होते. चार वाजता खाजायला लागलं.

हे एकाच ठिकाणाहून आलं. पण खरं होतं.

पावडरवाल्याचा नंबर पानाखाली आहेच. लावला. हा नंबर अस्तित्वात नाही. दर पानावर नाही तो नंबर छापलाय.

१९ मार्च
चादरी परत धुवायच्या आहेत. आमच्या धुण्याच्या हौदाला पावडरचा इतका थर बसलाय की नुसत्या पाण्याला फेस येतो. उद्या शुक्रवार. लॉज गेलं की शटर.

आधी ठरवलं, शिवणवाली जेवायला जाईल तेव्हा रस्ता ओलांडायचा. ती आज डबा घेऊन दारातच बसली. औषधवालाही बाहेर. बोचकी डोक्यावर घेऊन, कुणाकडे न बघता गेले. मशीनवाल्याने दार उघडून धरलं. मी काय काय ऐकून घ्यायचं ते मनाशी ठरवून गेले होते. तो एवढंच म्हणाला, "काकू, चार नंबरचं घ्या. ते नीट पिळतं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मशीन चांगलं आहे. हे इथेच लिहिते, ह्यांना सांगणार नाही.

२० मार्च, शुक्रवार
मॅनेजर चादर अंगाखाली घालून दुपारभर झोपला. ह्याला तपासणं म्हणतात. उठला, खाजवलं नाही, चादरी ठेवून घेतल्या. लॉज राहिलं. पोतं मागच्या अंगणात उलटं ठेवलंय, त्यावर मांजरही बसत नाही.

मग ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. हात आमच्या ह्यांचा, पावडर माझी, समोरच्या मशीनचा काही दोष नाही, त्यांच्याकडे जा आणि आमच्याकडेही या. लिहायला तासभर लागला. मनावरची सुरकुती गेल्यासारखं वाटलं.

शिवणवालीचं उत्तर आलं, काकू, हे फक्त तुमच्याकडूनच आलंय. नापास.

औषधवाल्याने लिहिलं, मशीनवाल्याने फितवलेलं दिसतंय.

नियम चांगला होता. जाऊबाईंना फोन केला, झाला तो प्रकार सांगितला आणि म्हटलं, मागचा ज्या वाटेने गेला त्याच वाटेने हाही जाऊ द्या. त्या म्हणाल्या, काळजीच करू नकोस.

२३ मार्च, सोमवार
आला. तिन्ही ठिकाणांहून. उघडून वाचला.

त्या दिवंगत धुणेवाल्या बाईंचा शेवटचा उपाय. खाजणारा हात मशीनमध्ये घाला, बरा होतो. चार नंबरचं मशीन.

समोर रांग लागली आहे. बाह्या दुमडलेल्या. औषधवाला दुसरा आहे. मशीनवाला काचेतून माझ्याकडे बघतोय. आज हसत नाहीये.

मी ताबडतोब लिहिलं. हे खोटं आहे. ती बाई मी आहे. मी मेलेली नाही, समोरच्याच दुकानात उभी आहे, मान वर करून बघा.

कुणी मान वर केली नाही. सगळे मोबाइल बघत होते.

शिवणवालीने लिहिलं, काकू, ती बाई गेली हे तीन ठिकाणांहून आलं होतं, तुम्हीच तपासलं होतंत. ती जिवंत आहे हे एकाच ठिकाणाहून आलंय.

हे म्हणतात, माझं धर, मी सांगतो तू आहेस. म्हणजे दोन झाले. एक कमी पडतोय.