नव्या सायलेन्सरची गाडी मी नेली आहे

कियोहारू,

गाडी मी नेते आहे. तू जागा होऊ नयेस म्हणून इंजिन बंद ठेवून गल्लीच्या उतारावरून घरंगळत नेईन आणि पूल ओलांडल्यावर सुरू करीन.

गिऱ्हाईक आलं तर सांग, "बायको गाडी घेऊन पळाली." बाळ येणार म्हणून गाडी विकायची, हा हिशेब तू एकट्यानेच मांडलास. गॅरेजवाल्या नागामिने आजोबांनी इंजिनाच्या टर्बोपासून सायलेन्सरच्या शेपटीपर्यंत प्रत्येक पाइप तुझ्यासाठी हाताने वळवून जोडला, आणि घाटात तू त्याचा आवाज एकदाही ऐकला नाहीस. झोपेत मात्र माझ्या खांद्यावर गिअर बदलत असतोस!

परवा अंगणात गाडी सुरू केलीस ना, तेव्हा बाळाने पहिल्यांदा पाय मारला. मी सांगायला आले, तर तू फोनवर गिऱ्हाइकाला गाडीचे गुण ऐकवत होतास.

मिसो सूप गरम करून पी आणि पहिल्या बसने वरच्या तळ्यापाशी ये. तिथे अजून धुकं असेल. ड्रायव्हरची जागा रिकामी ठेवून मी शेजारी डुलक्या काढत असेन. घाट उतरताना तू चालव. आम्ही दोघं ऐकतो. त्यानंतरही विकावीशी वाटली, तर विक.

शिओरी