दुर्पताबाईंचं फोल्डर

४ ऑगस्ट
कुडव्यात पोचले, कामावर रुजूही झाले! ऑफिस म्हणजे सायकलच्या दुकानावरची एक खोली आणि मालक श्यामलाल. शेतकरी फोन करून धानाचा रोग सांगतो, आमचा प्रोग्राम त्याला औषध सांगतो. आवाज केशोरी गावच्या दुर्पताबाईंचा. दोन महिने बसून त्यांनी तो भरून दिला. आज मुलगा गुलशनबरोबर आल्या होत्या. स्वतःचाच आवाज ऐकून लाजल्या. जाताना मला म्हणाल्या, नीट सांभाळजो व बाई.

११ ऑगस्ट
प्रोग्रामने एका शेतकऱ्याला दुसऱ्याच्या घरची माहिती सांगून टाकली. खरं तर मशीनवरची शेतकऱ्यांची नोंदवही मीच उघडी ठेवली होती. पण मी नवी. प्रोग्रामवर ढकलून मोकळी झाले. श्यामलाल म्हणाले, बंद कर दो उसको एक जगह. मग एका सिस्टम कॉलने, म्हणजे मशीनला दिलेल्या एका आज्ञेने, त्याचं रूट, सगळ्यात वरचं फोल्डर, बदललं. आता एक छोटं फोल्डर हेच त्याचं सगळं जग, वर जायला गेला तरी परत तिथेच. आत फक्त धानाची माहिती ठेवली. श्यामलाल खूश.

१३ ऑगस्ट
गुलशनचा फोन. परवापासून आई दार उघडते अन् म्हणते, आंगण कुठी गेलं? बाहेरबी हेच घर आहे.

१५ ऑगस्ट
सुट्टी, म्हणून केशोरीला जाऊन आले. दुर्पताबाई भर शेतात उभ्या राहून तळव्यांनी नसलेली भिंत चाचपत होत्या. गुलशनने विचारलं, मी कोण? त्या म्हणाल्या, धानाले करपा लागला. फोल्डरमध्ये मी ठेवलं तेवढंच त्यांच्याजवळ उरलंय. गुलशनने मला चहा पाजला. तो पिऊन, फोल्डरचं न सांगताच परतले. शरम वाटते स्वतःची.

१६ ऑगस्ट
चालू प्रोग्रामला जुनं रूट परत देता येत नाही. थांबवून नव्याने सुरू करावा लागतो. पण थांबवला आणि दुर्पताबाई —

१८ ऑगस्ट
गुलशनचा फोन. दुर्पताबाई तीन दिवस जेवल्या नाहीत. भूक म्हणजे काय, विचारून राहिल्या. भूक मी आत ठेवलीच नव्हती.

१९ ऑगस्ट, दुपार
गुलशन फोनवर, आईचा हात धरून. प्रोग्राम थांबवला. तो किंचाळला, आईचा श्वास थांबला! लगेच सुरू केला, आता अख्खं मशीन मोकळं. श्वास आला! बोलतायत —
ही रोजनिशी याच मशीनवर आहे. तीच वाचतायत. मी टाइप करते ते तिकडे त्यांच्या तोंडून —
मी थांबले की श्वासही थांबतो. गुलशन विचारतो, काऊन असं बोलून राहिली आई? लिहिते. गुलशन, नोंदवही मी उघडी टाकली, आईला फोल्डरमध्ये कोंडलं मी — थांबायचं नाही — लाइट गेली, मशीन बॅटरीवर, तीही संपत आली — चूक माझी, गुलशन, हात सोडू नकोस, चूक मा