वहिनींचा तापणारा कॉम्प्युटर

प्रिय वहिनी,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. परवा दादाचा फोन आला, "तुझ्या वहिनीचा कॉम्प्युटर भंगारात देतोय. आतलं काही हवं असेल तर काढून घे." म्हणून काल सिडकोतल्या तुमच्या घरी गेलो होतो. तुमच्यापासून एक गोष्ट लपवली होती. ती आता लिहून टाकतो.

चार वर्षांपूर्वीचा तो मे महिना आठवतो? तुमच्या शाळेला सुट्टी होती आणि तुम्ही अहिराणी शब्द टाइप करत होतात. सटाण्याहून लग्न करून आलात तेव्हा तुम्ही 'आहे'च्या जागी 'शे' म्हणालात की आम्ही हसायचो. सगळ्यांत जास्त मी! पुढे तुम्ही तसं बोलणं सोडलंत, आणि इतक्या वर्षांनी तेच शब्द जमवायला बसलात. आंडेर म्हणजे मुलगी, बठ्ठं म्हणजे सगळं. हजाराच्या वर गेले होते ना?

पण वीस मिनिटं झाली की कॉम्प्युटर आपोआप बंद पडायचा. मी हार्डवेअरचा कोर्स केलेला, म्हणून तुम्ही मला बोलावलंत.

"भाऊजी, हा तापतोय. बाजूला हात लावून बघा."

"पंखा फिरतोय ना? मग तापायचा प्रश्नच येत नाही."

"लगेच चालू केला तर पाच मिनिटांत जातो. अर्धा तास थांबलं तर पुन्हा नीट चालतो."

आणखी काय सांगायला हवं होतं तुम्ही? सगळं निदान तुम्हीच केलेलं होतं. मी मात्र रॅम काढून खोडरबरानं घासली, पॉवर सप्लाय बदलून पाहिला. तरी बंद पडला. मग म्हणालो, "व्हायरस आहे." तुम्ही माझ्यासाठी पन्हं करायला आत गेलात आणि मी डिस्क फॉरमॅट केली. आत काय आहे ते विचारलंसुद्धा नाही.

विंडोज नव्यानं टाकताना मशीन दोनदा बंद पडलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रिकाम्या डिस्कवर व्हायरस कुठून येणार? सुरुवातीच्या निळ्या पडद्यावर प्रोसेसरचं तापमान पाहिलं. माझ्या डोळ्यांदेखत आकडा नव्वदच्या वर चढला आणि मशीन गेलं.

झाकण काढलं. पंखा फिरत होता खरा, पण त्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत धूळ गच्च बसली होती. एका कोपऱ्याची क्लिप तुटून तो पट्ट्यांचा ठोकळा प्रोसेसरपासून उचलला गेला होता. दोघांच्या मधली, उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. दुकानातून क्लिप आणि पेस्टची ट्यूब आणली, जुनी पेस्ट पुसली, तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली, ठोकळा घट्ट बसवला. आकडा पंचावन्नच्या पुढे गेला नाही. तासभराचं काम!

तुम्ही खुर्चीत बसलात आणि फाइल शोधू लागलात.

"माझे शब्द कुठंयत?"

"डिस्कच खराब झाली होती वहिनी. काही वाचलं नाही."

"मी तर कागद फाडून टाकले. म्हटलं, आता यात आहेच."

एवढंच बोललात. मी पन्हं पिऊन निघालो. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात केलीत, हे मला दादाकडून कळलं. मी घरी येत राहिलो, जेवत राहिलो. एकदा तरी का सांगितलं नाही? लाज वाटत होती, दुसरं काय!

काल डिस्क काढून माझ्या मशीनला लावून पाहिली. तुमची नवी फाइल सापडली. सहाशे बारा शब्द. त्यापुढे दुखण्यानं तुम्हाला बसू दिलं नाही. मग मात्र राहवलं नाही. दादाला फोन करून सगळं सांगितलं.

तो शांतपणे म्हणाला, "तिला माहीत होतं. प्रिंटर बसवायला आलेल्या माणसाला तिनं विचारलं होतं. तो म्हणाला, डिस्क ठणठणीत आहे, कुणीतरी फॉरमॅट केलीय."

"मग मला बोलल्या का नाहीत?"

"मी तुला जाब विचारणार होतो. तिनं अडवलं. म्हणाली, भाऊजी ओशाळतील, घरी यायचेच बंद होतील."

वहिनी, मला चार शब्द सुनावायचेत तरी! मी येत राहिलो असतो. की नसतो आलो? खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नाही.

रविवारी सटाण्याला तुमच्या धाकट्या बहिणीकडे जातोय. ती फोनवर म्हणाली, "या ना भाऊजी, आईपन शे घरमा." तुमचे शब्द का गेले ते आधी त्या दोघींना खरं सांगेन. त्यानंतर त्या बोलतील आणि मी लिहीन. हजार होईपर्यंत जात राहीन, हे वचन देतो.

तुमचा धाकटा दीर,
शिरीष