पंजाबरावचा फाया

१२ सप्टेंबर २००६, मंगळवार

त्या नागपूरवाल्याला आपली भट्टी हवी कशाला? आज पुन्हा आला. वामनराव म्हणे. उदबत्तीचा कारखाना आहे. दुकानाच्या बैठकीत गादीवर मांडी घालून दोन तास बसला. वाळा, मोगरा, मातीचं अत्तर, रोशा गवताचं तेल — सगळं मागवलं. नवखी माणसं बाटलीच नाकाशी नेतात. याने तसं केलं नाही. मनगटावर थेंब घेतला, थांबला, इकडच्यातिकडच्या गप्पा केल्या, मग हुंगला. म्हणजे जाणकार आहे. आणि जाणकार माणूस असल्या वर्षात आर्णीत धंदा विकत घ्यायला येतो? कापसाला भाव नाही, लग्नं पुढे ढकलतायत, बैठकीत गिऱ्हाइकांपेक्षा माशा जास्त. तरी हा म्हणतो — भट्टी, दुकान, नाव, सगळं घेतो.

अट एकच. दोन वर्षं मी राहायचं. प्रत्येक घाणा माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय बाटलीत भरायचा नाही. ‘भट्टी काय, कोणीही बांधेल इकबालभाई. मला तुमचं नाक पाहिजे.’

गोड बोलणाऱ्या माणसाचा मला आधीपासून राग आहे.

१५ सप्टेंबर

विकायचं आहे, हे खरं. बाहेर बोलत नाही, इथे लिहितो. नसरीन उर्दू शाळेत शिकली, मराठी वाचायचा तिला कंटाळा, म्हणून ही वही मराठीत. बायकोपासून काही लपवायचं नाही, पण सगळं दाखवायचंही नाही.

मुलगा कलीम पुण्यात मोबाइल दुरुस्त करतो. तो काही चुलीपुढे बसायला परत येणार नाही. आणि जुलैत चिकनगुन्या झाला तेव्हापासून माझे गुडघे उकिडवं बसू देत नाहीत. गंमत अशी की त्याच तापाने रोशाचं तेल खपलं. सांधे चोळायला अख्खं गाव घेऊन गेलं.

आज वांग्याची भाजी. नुसतं पाणी. महिनाभर पाहतो आहे, हिच्या हाताची चव गेली. विचारलं तर म्हणते, ‘मसाला उतनाच है. तुम्हारा ध्यान किधर है?’

ध्यान बरोबर जागेवर आहे. मसाल्यात काटकसर चालली आहे. कशासाठी, ते कळायचं आहे.

२६ सप्टेंबर, दुसरा रोजा

पहिला घाणा. डोंगरसिंगने तांड्यावरून गवत आणलं. फुलोऱ्यावर आलेलं, काडी लालसर. पंजाबरावने देग भरली, तोंड मातीने लिंपलं, आग लावली. आजोबांनी कनौजहून आणलेली तांब्याची देग आहे ती. पंजाबराव तीस वर्षं तिच्यापुढे बसतो. आग किती हवी ते त्याला देगेच्या आवाजावरून समजतं.

दुपारी तेल आलं. पिवळं, स्वच्छ. मनगटावर घेतलं. थांबलो. हुंगलं.

पुसट! भिंतीपलीकडे कोणी बोलत असावं तसं. रोशाचा वास म्हणजे माणूस भट्टीत एकदा डोकावून गेला तरी घरी बायको विचारते, कुठे गेला होतात. आणि हे? पुन्हा घेतलं. तेच. डोंगरसिंगला गाठलं, गवत शिळं का. ‘कालच कापलं मालक, तुमी हुंगून पाहा.’ हुंगलं. बरं होतं बहुधा.

मग राहिला कोण? पंजाबराव. पहिली धार बाजूला काढून भपक्यात, तेल जमतं त्या भांड्यात, दुसरं काही ओतलं असेल. भपक्यापाशी त्याच्याशिवाय कोण असतं?

आमच्याकडे रीत आहे. हंगामाच्या पहिल्या तेलाचा फाया मालकाने आपल्या हाताने भट्टीवाल्याच्या कानात ठेवायचा. आजोबांनी पंजाबरावच्या बापाच्या कानात ठेवला, अब्बांनी पंजाबरावच्या. तो हात धुऊन, डोक्याचा रुमाल सोडून उभा राहिला. मी म्हणालो, कापूस संपला आहे, उद्या पाहू.

यवतमाळ जिल्ह्यात कापूस संपला! त्याने रुमाल परत बांधला.

२८ सप्टेंबर

काल तेलगिरणीतून सरकीचं तेल आणलं. दिसायला आपल्यासारखंच पिवळं. भेसळ करणारे तेच घालतात. कागदाची परीक्षा घेतली. अस्सल रोशाचं तेल कागदावरून रात्रीत उडून जातं, मागे काही राहत नाही. सरकीचं डाग ठेवतं, कागदातून आरपार दिसतं. दोन्हींचा एकेक थेंब टाकून ठेवला.

सकाळी पाहिलं. सरकीचा डाग ठळक. आपल्या तेलाचा मागमूस नाही.

म्हणजे सरकी नाही. दुसरी काही हुशारी आहे. कागद फसेल, नाक फसत नाही.

दोन्ही तेलं सारख्या बाटल्यांत भरून कपाटात ठेवली. उजवीकडे आपलं, डावीकडे सरकी. चिठ्ठ्या लावल्या नाहीत. आमच्या घरात बाटलीला चिठ्ठी लावत नाहीत. अब्बा म्हणायचे, ज्याला नाक नाही त्याने चिठ्ठी लावावी.

२ ऑक्टोबर, दसरा

पंजाबराव तीन दिवस सुट्टीवर. ‘दीक्षाभूमीले चाललो मालक, पन्नास वर्सं झाली न यंदा.’

नागपूर. वामनराव कुठला? नागपूरचा.

नसरीन म्हणते तो दरवर्षी जातो. जातो, मान्य. पण दरवर्षी भट्टी विकायला निघालेली नसते.

५ ऑक्टोबर

वामनराव आला. नव्या तेलाची बाटली घेऊन गेला, ‘आमच्या केमिस्टला दाखवतो, नुसती पद्धत म्हणून.’ मी म्हणालो, घेऊन जा, पण हे तेल माझ्या मनास आलेलं नाही. त्याने मनगटावर घेतलं, हुंगलं, माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, ‘तुमचं माप फारच कडक आहे.’ यात टोमणा किती आणि कौतुक किती?

संध्याकाळी इफ्तारच्या आधी भट्टीकडे गेलो. आत नसरीन आणि पंजाबराव हळू बोलत होते. मला एवढंच ऐकू आलं — ‘उनको अभी मत बताना.’ मी आत गेलो. ती म्हणाली, लाकडं किती लागतील ते विचारत होते.

तीस वर्षांत हिने कधी लाकडं मोजली नाहीत.

भजी बेचव. खजूर तेवढा गोड लागला.

६ ऑक्टोबर

झोप नाही.

९ ऑक्टोबर

आज सोक्षमोक्ष लावला. पंजाबरावला विचारलं, पहिली धार कुठे जाते? त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं. म्हणाला, ‘मालक, मी कायले करीन असं? तुमच्या अब्बाच्या टायमापासून या आगीपाशी बसून राह्यलो.’

म्हणालो, माझं नाक खोटं बोलतं का?

त्याने खाली पाहिलं. मग म्हणतो, ‘एकदा यवतमाळले जाऊन डॉक्टरले दाखवा मालक.’

माझ्या गुडघ्यांची याला काळजी! विषय कसा बदलतात पाहा. सांगितलं, उद्यापासून येऊ नको. रुमाल झटकला, देगेला हात लावून नमस्कार केला आणि गेला. रडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे गेला, तेच मला संशयाचं वाटतं.

मग पहिल्या घाण्याचा डबा उचलला आणि मागच्या नालीत ओतला. सगळा. खोटा माल माझ्या नावाने जाणार नाही. नसरीन दारात उभी होती. तोंडावर पदर धरला होता. म्हणाली, ‘ये क्या किया तुमने.’

११ ऑक्टोबर

गाव माझी थट्टा करतं आहे. सकाळी मेडिकलवाला — ‘भाई, काय वास सुटला दोन दिवसांपासून!’ दूधवाला — ‘जत्रा भरल्यासारखं वाटून राह्यलं.’ मशिदीतही एकाने खांदा थोपटला, ‘पूरा मोहल्ला महक रहा है.’ नाली आपल्या घरामागून बाजारात जाते. मी तिच्या काठाने चालत गेलो मुद्दाम. नालीचाही वास नाही, तेलाचा कुठला यायला!

पंजाबरावने सांगितलं असणार सगळ्यांना. दुसरं कोण?

१७ ऑक्टोबर

डाळ जळून कोळसा झाली. मी तिथेच स्वयंपाकघरात बसून वाचत होतो, म्हणून बोलणी मला. चुलीवर लक्ष ठेवायचं काम माझं कधीपासून झालं? शेजारची विजयमाला धावत आली — तिला तिच्या घरात समजलं म्हणे. तिचे कान आमच्याच घरात असतात, हे मला ठाऊक होतं. आता नाकही.

२३ ऑक्टोबर

ईदची साफसफाई. नसरीनने कपाटं रिकामी करून, पुसून, परत लावली. मी लक्ष ठेवून होतो. काही नाहीसं झालेलं नाही.

२५ ऑक्टोबर, ईद

पूर्वी ईदला बैठकीत पाय ठेवायला जागा नसायची. आज दुपारपर्यंत अकरा माणसं. शीरखुर्मा गोड होता, एवढंच. बाकी केशर, वेलची, कशाचा पत्ता नाही. मी बोललो नाही. सणाच्या दिवशी कशाला.

पंजाबराव दरवर्षी येतो, ओट्यावर बसून दोन वाट्या खातो. आज आला नाही. नसरीनने डबा पाठवला. मला न विचारता.

२७ ऑक्टोबर

वामनरावचा फोन. केमिस्टचा रिपोर्ट आला. ‘इकबालभाई, पहिल्या नंबरचं तेल. एक थेंब भेसळ नाही. असं रोशाचं तेल आम्ही वर्षानुवर्षं पाहिलं नाही. सोमवारी दहाला कागद घेऊन येतो.’

आधी वाटलं, भाव पाडायला खोटं बोलतो. पण भाव पाडायला कोणी मालाची स्तुती करत नाही. दोन तास या वाक्यात खोट शोधली. सापडली नाही.

मग पंजाबरावने काही केलेलं नव्हतं. मी त्याला काढलं. त्याच्या हातचं तेल मी नालीत ओतलं. माझी लाज मलाच वाटते आहे. माझं नाक जरा जास्तच कडक झालं असेल, म्हातारपणी माणूस कडक होतो तसं.

उद्या जातो त्याच्याकडे. नाही, परवा. तोंड घेऊन जायला एक दिवस तरी हवा.

२९ ऑक्टोबर, रविवार

चांगला कापूस पिंजून घेतला. कपाटातून उजवीकडची बाटली काढली, फाया केला. तेल बोटांना जरा जड वाटलं, गारठ्याने असेल. हुंगून पाहिलं. आता मन स्वच्छ आहे म्हणून असेल, वास लगेच ओळखला. अस्सल. आपलंच. टोपी घालेपर्यंत फाया या पानावर ठेवतो. निघालो.

संध्याकाळ. जाऊन आलो.

पंजाबराव अंगणात तुरीच्या काड्या बांधत होता. मी सरळ म्हणालो, चुकलो. हंगामाचा फाया राहिला होता, आणला आहे. त्याने हात धुतले. रुमाल सोडला. मी त्याच्या कानात फाया ठेवला. त्याचा कान म्हातारा झाला आहे. त्याने डोळे मिटले, जरा थांबला. म्हणाला, ‘मस्त हाये मालक. लय मस्त.’

मग म्हणाला, ‘मी येतो उद्यापासून. तुमी नुसते बसत जा. काय हाये नाही ते मी अन् भाभी पाहून घेऊ.’

चहा घेतला. त्याच्या घरचा चहाही फिक्काच. पण आज मी कोणावर शंका घेणार नाही. उद्या सही. दोन वर्षं पंजाबराव आगीपाशी, मी बैठकीत. बरं चाललं तर कलीमला बोलावून दाखवू.

३० ऑक्टोबर, सकाळ

वरच्या पानावर डाग आहे. काल फाया ठेवला होता तिथेच. पान खिडकीशी धरलं, पलीकडचा लिंब दिसला. आपलं तेल डाग ठेवत नाही. हे सरकीचं आहे. ईदच्या साफसफाईत बाटल्यांच्या जागा बदलल्या असणार.

मी ते हुंगलं होतं. ‘अस्सल. आपलंच.’ माझ्याच अक्षरात, डागाच्या शेजारी.

नसरीनला बोलावून विचारलं, भाजीत मसाला घालतेस ना? म्हणाली, ‘रोज.’ विचारलं, तुला कधीपासून माहीत? ‘बुखार उतरा तबसे. पंजाबराव को भी.’

आणि काल तो डोळे मिटून म्हणाला, लय मस्त.

वही बैठकीत गादीवर उघडी ठेवली आहे, याच पानावर. दहाला वामनराव येतील, माझं नाक विकत घ्यायला.