खांबानं हात मागे घेतले

२ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं रचतेस, म्हणून पत्रच बरं. बातमी अशी, की टाळेबंदीनंतर आमचं थिएटर उघडलं! कुलूप इतकं गंजलं होतं की वॉचमननं शेवटी हातोडा घातला. मेकअपच्या खोलीत उंदरांनी माझ्या नाचाच्या बुटांत संसार थाटला होता. आमच्या दिग्दर्शिका बाई, ज्यांना रडताना कुणी पाहिलेलं नाही, त्यांनी रंगमंचाच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. तिचा आवाज रिकाम्या खुर्च्यांवरून परत आला, तशा त्या नाक शिंकरत विंगेत गेल्या.

तालमी मास्क लावून चालल्या आहेत. धाप लागली की मास्क तोंडात जातो. माझा जोडीदार खांब आहे तसाच आहे. इतकी वर्षं मी धावत येऊन त्याच्याकडे झेप घेते आणि तो तसूभर हलत नाही, म्हणून तर हे नाव पडलं. फक्त हात इतके धुतो की बोटांची सालं निघाली आहेत. खांबाला नवा रंग द्यायला काढलाय का, असं मी विचारलं, तर हसला नाही. त्याचे वडील मुलीकडे राहायला गेलेत म्हणे.

पुढच्या शनिवारी प्रयोग. तेव्हा मास्क नाहीत, आधी सगळ्यांची करोनाची तपासणी होणार आहे. तू आलीस तर मला हत्तीचं बळ येईल. गुडघ्यांना विचारून कळव.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी टिटवी

६ ऑक्टोबर

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघ्यांना विचारलं. दोघांनी एकमतानं नकार दिला. तेव्हा मी इथूनच टाळ्या वाजवीन, शेजारीण काय म्हणायचं ते म्हणो.

जपून नाच. माणसाचं अंग म्हणजे बंद पडलेलं घड्याळ नव्हे, की किल्ली दिली आणि चालू. मी नर्स म्हणून आयुष्य वॉर्डात काढलंय. पडून राहिलेले स्नायू कसे दगा देतात ते मला ठाऊक आहे.

खांबाच्या वडिलांचं वाचून नवल वाटलं. मागे तुम्ही दौऱ्यावर माझ्याकडे उतरला होतात, तेव्हा सोबत आलेले ते एसटीतले कंडक्टरकाका मला सांगत होते, की पोराचा एकही पहिला प्रयोग चुकवलेला नाही. पहिल्या रांगेत बसून घोरतात तो भाग वेगळा. आणि आता नेमके मुलीकडे? माझा नमस्कार कळव त्यांना.

प्रयोग झाला की लगेच लिही. माझा जीव टांगून ठेवू नकोस.
तुझी आत्या

१४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अक्षर बघून घाबरू नकोस, डाव्या हातानं लिहिते आहे. उजव्या खांद्याचं हाड मोडलंय.

आत्या, खांबानं मला झेललं नाही.

सगळं इतकं छान चाललं होतं गं. नाट्यगृह भरलेलं, माणसं नुसत्या पडदा उघडण्यालाच टाळ्या देत होती. झेपेची जागा आली. मी धावले, उडाले. तो समोर होता, हात पुढे होते. माझं तोंड त्याच्या तोंडाजवळ आलं आणि मला त्याचे डोळे दिसले. दारात अनोळखी माणूस दिसल्यावर असतात तसे. त्यानं हात मागे घेतले, आणि एक पाऊल मागे सरला.

मी पडल्याचा आवाज मीच ऐकला. आणि ऐक, लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, नाचच तसा बसवलाय. मी फळ्यांवर पडून ओरडायला तोंड उघडते आहे आणि समोर माणसं उभी राहून दाद देताहेत. पडदा पाडायला बाई स्वतः धावल्या.

खांब तिथून गेला तो गेलाच. दवाखान्यात आला नाही, फोन नाही, काही नाही. ज्याच्यावर डोळे मिटून भरवसा टाकला त्यानं असं करावं? हाड जुळेल असं डॉक्टर म्हणतात. मला त्याचं तोंडही बघायचं नाही. बाईंना सांगितलंय, तो असेल तिथं मी नसेन.

टिटवी

२१ ऑक्टोबर

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझ्या हातातलं भांडं पडलं. त्या मेल्याला समोर उभा करून विचारावं असं वाटत होतं. आणि काल तो समोर उभा राहिला.

शेजारीण सांगत आली, की एक माणूस केव्हाचा तुमच्या दाराशी उभा आहे. मला बेल ऐकू आली नव्हती. बघते तर खांब. तोंडाला मास्क, अंगानं निम्मा झालेला. तुझ्याकडे यायची छाती होईना, म्हणून इथं आला होता. मी आधी त्याला उभ्यानंच सोलून काढलं. माझं संपल्यावर म्हणाला, वडील मुलीकडे नाहीत. वडील गेले.

बस आधी, मग पुढचं वाच.

टाळेबंदीत एक दिवस तुम्ही सगळ्यांनी जमून नाच चित्रित केला होता ना? तुझा घसा धरला होता, तू खोकत होतीस. मग तपासणीत तुला करोना निघाला आणि आठवड्यात तू बरी झालीस. त्याच्याही अंगात ताप भरला, त्याच्यामागून वडिलांच्या. तो उठला, ते उठले नाहीत. शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. तुझ्या जिवाला लागेल म्हणून त्यानं कुणालाच कळू दिलं नाही. मुलीकडे गेलेत ही थाप तुझ्यासाठी होती. तालमीत मास्क होते तोवर त्यानं निभावलं. त्या दिवशी तुझा श्वास तोंडावर आला आणि पाय आपोआप मागे गेला, असं तो म्हणाला. त्याला स्वतःलाच ते तू पडल्यावर कळलं.

तुला सांगणार नाही अशी शपथ त्यानं माझ्याकडून घेतली होती. ती मी मोडली. त्याचं पाप माझं.

आता नर्स म्हणून सांगते. त्या दिवशी तिथं सगळा ताफा होता, येता-जाताना रिक्षावाले होते, दुकानदार होते. कुणाकडून कुणाला गेलं हे देवालाही सांगता यायचं नाही. तेव्हा हे ओझं डोक्यावर घेऊन बसू नकोस. काय करायचं ते तूच ठरव.

तुझीच,
आत्या

२५ ऑक्टोबर

ती. आत्यास,

पत्र पोचलं. तो माणूस रोज माझ्या थट्टेला मान डोलवत होता, आणि मी त्याला रंगाचं विचारत होते.

काल त्याला बोलावून घेतलं. तो दाराशीच उभा राहिला. मी माफी मागायला गेले, तर त्यानं हात वर करून थांबवलं. मग मी विचारलं, काका घोरायचे ते पहिल्या गाण्यापासून की दुसऱ्या? तेव्हा कुठे तो खुर्चीवर बसला. आणि दुपारभर वडिलांबद्दल बोलत राहिला. इतक्या महिन्यांत त्याला कुणी विचारलंच नव्हतं, आत्या. कसं विचारणार? कुणाला ठाऊकच नव्हतं.

टिटवी

२० मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल प्रयोग झाला. आधी शपथ घे, की रागावणार नाहीस. झेप ठेवली होती.

बाई नको म्हणत होत्या, डॉक्टर नको म्हणत होते, खांब तर हात जोडून नको म्हणत होता. महिनाभर आम्ही नुसते मास्क काढून समोरासमोर उभं राहायला शिकलो. पहिल्या दिवशी तो घामानं निथळला आणि बाहेर निघून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. खरं सांगते, मीही काही शूर नव्हते. काल विंगेत मी बुटांच्या नाड्या तीनदा सोडून बांधल्या.

धावले. उडाले. त्यानं झेललं.

पण आत्या, त्यानं मला खाली ठेवलंच नाही. संगीत पुढे गेलं, माझी पुढची गिरकी गेली, आणि हा मला छातीशी धरून तसाच उभा. सगळं नाट्यगृह चिडीचूप. विंगेतून बाई हातवारे करताहेत. बाकीच्या मुली बिचाऱ्या आमच्याभोवती जमेल तशा नाचत राहिल्या. त्याच्या हातांची पकड अशी, की माझं नुकतं जुळलेलं हाड ठणकायला लागलं. मी त्याच्या कानात हळूच सांगितलं, की मी ठीक आहे रे, आता सोडलंस तरी चालेल.

तरी तो काही वेळ तसाच उभा होता. मग त्यानं मला अलगद, काचेचं भांडं ठेवावं तसं, उतरवलं.

तुझी माया अशीच राहू दे.
तुझी टिटवी