पाकिटातलं सातवं नाणं

चौबे कॉलोनी, रायपूर
रविवार, संध्याकाळ

निखिलचं पाकीट आलं. दुबईत त्याच्या ऑफिसात इथल्याच पंडरी भागातली एक पोट्टी आहे, ती सुट्टीत आली, तिनं सकाळी आणून दिलं. पोरगा कामासाठी देशोदेशी फिरतो आणि खिशात उरलेली नाणी माझ्या अल्बमसाठी जपून ठेवतो. या वेळी सहा निघाली. केनिया, जॉर्जिया... भिंग घेऊन दुपारभर बसून राहिली मी.

आणि त्यांच्यातच सातवं. आपलंच, वीस रुपयांचं, बारा कोनांचं. त्यावर गेल्या वर्षीचं साल.

निखिल तर चार वर्षांत भारतात आला नाही. मग हे त्याच्या खिशात कुठून? कोण्या मित्रानं दिलं असेल. किंवा त्या पोट्टीचं पडलं असेल. पण पाकीट चिकटवलेलं होतं, मीच फाडलं. दिल्लीला मीटिंगला आला असेल का, एखादा दिवस? मग मले फोन काहून नाही केला? मी काय लगेच ये म्हटलं असतं? म्हटलं असतं.

नाणेवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला, तो सहांचाच. सगळ्यांनी वा वा केली. सातवं मुठीत होतं, त्याचे कोन तळव्यात रुतत होते.

आत्ता त्याचा फोन आला. "आई, सब कॉइन मिल गए ना?"

"हव, सहाही मिळाले. इकडे कधी येतोस रे?"

"चार साल हो गए ना, आई. इस दिवाली पक्का."

ये म्हटलं. मूठ उघडली नाही.